रेघेतल्या बायका

जॉन फ्लॅक्समनची ओडिसीतली पेनेलोपी मी पाहिली ती ट्रेसरच्या नजरेनं. नवऱ्याचं धनुष्य घेऊन ती चालत येते, मागे दासी आहेत. खांद्यावरून निघालेली वस्त्राची कड घोट्यापर्यंत उतरते आणि वाटेत कुठेही जाड-बारीक होत नाही. सावली नाही, हॅचिंग नाही, भिंतीचा पोत नाही. पांढऱ्या कागदावर शाईची एकसारखी रेघ, आणि तेवढ्यावर बाई उभी.

हे किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, कारण उमेदीच्या वर्षांत मी मुंबईत एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात हेच काम केलं. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीत काढलेलं ड्रॉइंग खाली, त्यावर ट्रेसिंग पेपर, चारी कोपऱ्यांना टेप आणि हातात रॉटरिंगचं पेन. बाहेरच्या रेघेला ०.५, आतल्या कडांना ०.३५, मापांच्या रेघांना ०.२. पेन उभं धरायचं, तिरकं झालं की शाई एका अंगाला जास्त उतरते. वळण आलं की श्वास धरायचा, वळण संपलं की सोडायचा. शाई पसरलीच तर दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं घ्यायचं, डाग हलक्या हातानं खरवडायचा आणि त्या जागेवरून नखाची पाठ फिरवून कागद पुन्हा गुळगुळीत करायचा. नाहीतर पुढची रेघ नेमकी तिथेच फुटते. एवढं झालं की अमोनिया प्रिंट काढायला द्यायचं, आणि त्या वासानं दुपारभर डोळे चुरचुरायचे.

आता मी सिंगापूरला, तुआसमधल्या एका यार्डात पायपिंगची ड्रॉइंग तपासते. रेघ पडद्यावर गेली, पेनं डब्यात राहिली. तुआस हे बेटाचं पश्चिम टोक, मेट्रोच्या हिरव्या लाइनचं शेवटचं स्टेशन. पाण्यापलीकडे मलेशिया दिसतो आणि तिकडे नेणारा, १९९८ साली सुरू झालेला दुसरा पूल. इथली बरीच जमीन समुद्रात भर घालून केलेली आहे, त्यामुळे नकाशावर किनारा पट्टीनं आखल्यासारखा सरळ दिसतो. फ्लॅक्समनचं पुस्तक मला शहरात ब्रास बासा कॉम्प्लेक्समधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, साध्या कागदी बांधणीचं. घरी परतताना ट्रेनमध्ये ते उघडते आणि एकेका बाईच्या कडेवरून बोट फिरवत जाते.

फ्लॅक्समन इंग्रज शिल्पकार, जन्म १७५५चा. तरुणपणी वेजवुडच्या चिनीमातीच्या कारखान्यासाठी नक्षीचे नमुने करून त्यानं पोट भरलं. त्यानं लग्न केलं तेव्हा, म्हणतात, सर जोशुआ रेनॉल्ड्झ ह्या त्या काळातल्या सर्वांत बड्या चित्रकारानं त्याला तोंडावर सांगितलं की कलावंत म्हणून आता तू संपलास. नवरा-बायकोनं पैसे साठवले आणि १७८७ साली दोघंही रोमला गेली. बायको अ‍ॅन, माहेरची डेनमन, वाचनाची आणि भाषांची आवड असलेली. प्रवासाची रोजनिशी तिनं लिहिली. नवअभिजात शैली म्हणून आज जे शिकवलं जातं त्याचं रोम हे तेव्हा माहेरघर होतं. पाँपे आणि हर्क्युलेनियमची गाडलेली शहरं उकरली जात होती, ग्रीक मातीच्या कलशांवरची रेखाचित्रं मोठाल्या ग्रंथांतून छापून येत होती. रंगाचा भडकपणा आणि वेलबुट्टी टाकून रेघेकडे परत चला, असं तरुण कलावंतांना मनापासून वाटत होतं. १७९३ साली फ्लॅक्समनची इलियड आणि ओडिसीची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून निघाली. कोरणारा तोमाझो पिरोली.

ह्या चित्रांचे पैसे एका बाईनं दिले होते. जॉर्जियाना हेअर-नेलर तिचं नाव. चित्रामागे १५ शिलिंग असा भाव. पुढे एस्किलसच्या नाटकांवरची चित्रं आली, तीही एका बाईच्या, लेडी स्पेन्सरच्या मागणीवरून. ह्या जॉर्जियानाचा आपल्याशी धागा आहे. तिची सख्खी बहीण अ‍ॅना मरिया ही विल्यम जोन्सची बायको, आणि जोन्स म्हणजे ज्यानं १७८९ साली कलकत्त्यात कालिदासाचं शाकुंतल इंग्रजीत छापलं तो. एक बहीण रोममध्ये होमरच्या बायका काढून घेत होती आणि दुसरीच्या घरात शकुंतला इंग्रजी शिकत होती, ती ह्याच सात-आठ वर्षांच्या अंतरात. १७९४ साली जोन्स कलकत्त्यात वारला. त्याच्या स्मारकाचं काम अ‍ॅना मरियानं फ्लॅक्समनलाच दिलं. ते संगमरवरी शिल्प आज ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहे: जोन्स मेजाशी बसून लिहितो आहे, समोर जमिनीवर तीन पंडित. बाई एकही नाही. शकुंतला नाही आणि जिनं पैसे मोजले ती अ‍ॅना मरियाही नाही.

तंजावरचे आपले सरफोजीराजे दुसरे, त्यांनीही फ्लॅक्समनकडूनच काम करून घेतलं. त्यांचा गुरू, जर्मन पाद्री श्वार्ट्झ, १७९८ साली गेला. मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात मराठी राजानं हातात घेतला आहे, असं ते शिल्प तंजावरच्या चर्चमध्ये लावलेलं आहे. मराठी घराण्यानं ह्या शैलीला दिलेली ती सर्वांत थेट दाद म्हणायला हवी. पण माझा विषय बायका, आणि त्यांच्यासाठी पॅरिसला जावं लागतं.

फ्लॅक्समनचा होमर निघाला त्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १७९३ला, झाक लुई दाविद पॅरिसच्या एका रस्त्यावर खिडकीत बसला होता. खालून राणी मारी आंत्वानेतला गिलोटिनकडे नेणारी गाडी गेली. दाविद नवअभिजात चित्रकारांचा पुढारी, आणि राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूनं मत दिलेला माणूस. त्यानं शाईचं पेन उचललं. तळहाताएवढा कागद, तपकिरी शाई, मोजक्या रेघा. राणी एका बाजूनं दिसते. पाठ ताठ, हात मागे बांधलेले, डोक्यावर साधी टोपी आणि कापलेल्या केसांची टोकं टोपीखालून बाहेर आलेली. ओठांचे कोपरे खाली ओढलेले, पापण्या खाली. शत्रूच्या हातानं काढलेलं हे चित्र आहे आणि तो तिला सुंदर करायला गेलेला नाही. रेघ काही ठिकाणी अडखळते, बाहीपाशी दोनदा ओढली गेली आहे. ट्रेसरकडे आली असती तर तिनं एकच ठेवली असती. नवअभिजात हातानं शाईत काढलेल्या सगळ्या बायकांमध्ये मला हीच सर्वांत खरी वाटते, कारण हिच्या जागी दुसरी कोणतीही बाई बसवता येत नाही.

ह्याच्या अगदी उलट गोष्ट नेपल्समध्ये घडत होती. चेशरमधल्या एका लोहाराची मुलगी, जन्माचं नाव एमी लायन, पुढे एमा हार्ट आणि शेवटी लेडी हॅमिल्टन. जॉर्ज रॉम्नीनं तिला लंडनमध्ये पुन्हा पुन्हा काढली होती. नेपल्समध्ये ती इंग्रज वकील सर विल्यम हॅमिल्टन ह्याच्याकडे आली. ग्रीक कलशांचा मोठा संग्रह करून ब्रिटिश म्युझियमला विकणारा हाच हॅमिल्टन. जेवणानंतर पाहुण्यांसमोर ती एक-दोन शालींच्या मदतीनं जुन्या शिल्पांतल्या बायका एकामागून एक उभ्या करायची: आता शोक करणारी आई, आता नाचणारी, आता देवळातली पुजारीण. १७८७ साली जर्मन कवी गटेनं ते पाहिलं आणि भारावून लिहिलं. फ्रीडरिश रेहबर्ग नावाच्या जर्मन चित्रकारानं त्या मुद्रांची १२ रेखाचित्रं केली, ती १७९४ साली छापली, आणि कोरणारा पुन्हा तोच पिरोली. मुखपृष्ठावर लिहिलं आहे की नेपल्स इथे निसर्गावरून हुबेहूब काढलेली, सर विल्यम हॅमिल्टन यांस अर्पण. एमाचं नाव त्यात नाही. ज्या अंगानं त्या १२ मुद्रा घडवल्या, वजन कोणत्या पायावर टाकायचं आणि शाल कुठून सोडायची हे ठरवलं, त्या अंगाला मुखपृष्ठावर निसर्ग म्हटलं गेलं. १८१५ साली ती कॅलेमध्ये हलाखीत मेली.

मी ती चित्रं निरखून पाहिली आहेत. मुद्रा तिची आहे, चेहरा नाही. नाक कपाळापासून सरळ खाली, हनुवटी गोल, बाराही ठिकाणी तीच. रेघेनं तिची चाल घेतली आणि ओळख गाळली.

त्याच सुमारास पुण्यात काय चाललं होतं? १७९२ साली जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पेशवे दरबारात आला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटनं त्याला आणलं. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांची चित्रं त्यानं केली. शनिवारवाड्यात एक चित्रशाळा निघाली आणि गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट हा आपला माणूस तिथला सर्वांत तयार हात. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्यानं १७९० सालीच काढला होता. पुढे मॅलेटसाठी तो वेरूळला गेला आणि लेण्यांची चित्रं काढून आला. त्याची पुष्कळ चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. वेल्स १७९५ साली साष्टीत वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांचा ग्रंथ थॉमस डॅनियलनं १८०३ साली लंडनमध्ये काढला.

वेरूळला २१ क्रमांकाच्या लेण्याबाहेर मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिची कंबर जशी वळते तशी ग्रीक पुतळ्याची वळत नाही. तिथे वजन एका पायावर जातं आणि बाकीचं अंग शांत राहतं, इथे सगळं अंग एका झोक्यात येतं. रोममध्ये शिकलेल्या डोळ्याला ही रेघ वाचणं सोपं नव्हतं. गंगारामाला त्यासाठी शिकवणी नको होती. ती चित्रशाळा पुढे टिकली नाही. पुढची चित्रशाळा मराठी मुलखात निघाली ती मुंबईत, आणि तिचा अभ्यासक्रम लंडनहून आला. ह्या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती इथे.

हा अभ्यासक्रम का आला आणि तोच का टिकला, ह्याचं उत्तर पुन्हा रेघेत आहे. सावलीचं चित्र छापायला खर्च येतो, बाह्यरेषेचं चित्र कुणीही कोरून घेऊ शकतो. फ्लॅक्समनची चित्रं युरोपभर पुन्हा पुन्हा कोरली गेली, कलाशाळांतून उतरवली गेली. झ्यूससमोर गुडघे टेकून विनवणारी त्याची थेटिस फ्रेंच चित्रकार अँग्रनं घेतली आणि १८११ साली मोठं तैलचित्र केलं. पण ट्रेसरला आणखी एक गोष्ट माहीत असते. मूळ ड्रॉइंगवरून ट्रेस केलं तर ठीक. ट्रेसिंगवरून ट्रेसिंग केलं की कोपरे गोल होतात. हाताला वळण सोपं वाटतं, अडखळ अवघड वाटते, म्हणून प्रत्येक प्रतीत अडखळ थोडी थोडी गळत जाते. यंत्राच्या भागात हे चालत नाही, माप लिहिलेलं असतं. बाईच्या कोपराचं, मनगटाच्या हाडाचं, नाकाच्या उंचवट्याचं माप कुठे लिहिलेलं नसतं. चार हात फिरून आलेली बाई गुळगुळीत होते, आणि कुणाचीच राहत नाही.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये चित्रकलेचं शिक्षण २३ टप्प्यांत बांधलं गेलं. सुरुवात छापील बाह्यरेषा उतरवण्यापासून, मग प्लास्टरचे पुतळे, जिवंत माणूस फार पुढे. १८५७ साली जमशेटजी जीजीभाईंच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईत जे. जे. स्कूल निघालं. १८६५ साली लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स तिथे शिकवायला आले, आणि हीच पद्धत मराठी मुलांच्या हातात बसली. पुतळ्यांवरून शेडिंगचा अँटिक क्लास जे. जे.च्या कितीतरी पिढ्यांनी केला. ग्रिफिथ्सचं एक मोठं पुण्य मात्र सांगायलाच हवं: १८७२पासून त्यानं विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं आणि तिथल्या भिंती उतरवून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी त्यांतलाच एक विद्यार्थी. ग्रीक प्लास्टरच्या बाईवर बसलेला हात तिथे अजिंठ्याच्या बाईची कड गिरवायला लागला.

आपल्यापैकी हजारोंनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली आहे. सरकारी चित्रकला परीक्षांची ती शिस्त त्याच परंपरेतली. त्यात स्मरणचित्राचा पेपर असायचा: नळावर पाणी भरणाऱ्या बायका, भाजीबाजार, सण. आमच्या सरांनी फळ्यावर शिकवलेली बाई मला अजून जशीच्या तशी काढता येते. कमरेवर घागर, एक हात घागरीभोवती, पदराची एक लांब रेघ, अंबाड्याचा गोळा, आणि तोंड कोरं. नाक-डोळे काढू नका, वेळ जातो, असं सर सांगत. माझी आई चाळीच्या नळावर पाणी भरायची. तिची घागर उजव्या कमरेवर असायची आणि डावा खांदा वर चढायचा, कारण तो हात एकदा मोडून वाकडा जुळला होता. परीक्षेत मी काढलेल्या बाईचे दोन्ही खांदे समान होते.

मराठी बाई ह्या शैलीत आपली म्हणून उभी राहिली ती १८९६ साली. गणपतराव म्हात्रे तेव्हा जे. जे.चे विद्यार्थी. पूजेला निघालेली तरुणी त्यांनी प्लास्टरमध्ये केली, ‘मंदिरपथगामिनी’. बॉम्बे आर्ट सोसायटीचं पदक मिळालं, लंडनमध्ये जॉर्ज बर्डवुडनं वाखाणणी केली, १८९८ साली रवींद्रनाथ ठाकुरांनी तिच्यावर लेख लिहिला. सगळं शिक्षण ग्रीक आहे हे पुतळा पाहताच कळतं: एका पायावरचं वजन, वस्त्रातून दिसणारं अंग. पण वस्त्र नऊवारी आहे. ग्रीक झगा खांद्यावरून लोंबतो, त्याच्या घड्या खाली पडतात. नऊवारीचा काष्टा पायांमधून मागे जातो, मांडीवर ताणला जातो, पिंडरीपाशी सुटतो. कापड खाली पडतं, मागे ओढलं जातं आणि पुन्हा वर खोचलं जातं. हे पुस्तकातून उतरवता येत नाही. म्हात्र्यांनी ते घरात, आळीत, देवळाच्या पायरीवर पाहिलेलं होतं. त्या मूर्तीची बाह्यरेषा मी एकदा फोटोवरून ट्रेसिंग पेपरवर उतरवली. कमरेखाली माझा हात सारखा थांबत होता, आणि मला त्याचाच आनंद झाला.

महादेव विश्वनाथ धुरंधर १८९०मध्ये कोल्हापुराहून जे. जे.त आले आणि आयुष्यभर तिथेच रमले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांचं आत्मकथन. ऑटो रॉथफेल्डच्या १९२० सालच्या, भारतीय स्त्रियांवरच्या इंग्रजी पुस्तकातली चित्रं त्यांचीच. कोळीण, पाठारे प्रभू घरातली सून, पारशी बाई, प्रत्येकीची साडी वेगळी, उभं राहणं वेगळं. पाया अँटिक क्लासचा, रेघ स्वच्छ, पण डोळा मुंबईच्या रस्त्यावरचा. म्हात्र्यांनी एक बाई परत आणली, धुरंधरांनी गर्दी आणली.

सिंगापूरला ही शैली एका इमारतीवर भेटते. तुआसहून हिरव्या लाइननं गाडी न बदलता सिटी हॉलला उतरलं की जुन्या सुप्रीम कोर्टाची इमारत येते, १९३९ची, आता नॅशनल गॅलरीचा भाग. वरच्या त्रिकोणात रोडोल्फो नोल्ली ह्या इटालियन शिल्पकारानं न्यायदेवता बसवली आहे. काम चोख आहे. खालून पाहिलं तर तीही पिरोलीच्या पत्र्यावरून उठून आल्यासारखी दिसते.

आमच्या धंद्यात ड्रॉइंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो. जुन्या कागदांवर त्यात चार घरं असत: ड्रॉन, ट्रेस्ड, चेक्ड, अप्रूव्ह्ड. ट्रेसरची आद्याक्षरं दुसऱ्या घरात. स्कॉटलंडमध्ये क्लाइडच्या काठच्या जहाज कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ट्रेसिंगला बायका होत्या, आणि मुंबईत माझ्या टेबलाच्या रांगेतही बायकाच जास्त होत्या. पिरोलीच्या पत्र्यांच्या खालच्या कडेलाही दोन नावं असतात, कल्पना करणाऱ्याचं आणि कोरणाऱ्याचं. जिच्यावरून काढलं तिच्यासाठी घर नाही, आणि जिनं पैसे दिले तिच्यासाठीही नाही. जॉर्जियाना, अ‍ॅना मरिया, अ‍ॅन, एमा, ह्यांची नावं मला चरित्रांतून आणि पत्रांतून वेचावी लागली. फ्लॅक्समनचे प्लास्टरचे नमुने आज लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुखरूप आहेत, तेही त्याची मेहुणी मारिया डेनमन हिनं ते सांभाळून दान केले म्हणून.

धुरंधरांची मुलगी अंबिका जे. जे.त शिकली, चित्रकार झाली, स्वतःच्या चित्रांवर स्वतःची सही करू लागली आणि उतारवयात तिनं वडिलांच्या व आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. वडिलांनी काढलेल्या बायका पाहायच्या असतील तर बाप-लेकीची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवावीत, आणि आधी लेकीचं उघडावं.